बिगर दारूचा बार आणि वच्छीचा उष्टा ग्लास

मी बारमध्ये नोकरी केली असं सांगितलं की लोक आधी माझे डोळे बघतात, लाल आहेत का म्हणून. मग मी सांगतो की आमच्या बारमध्ये दारू नव्हती. त्यावर ते जास्तच संशयानं बघायला लागतात. दारू पिणारा माणूस लोकांना समजतो, विकणाराही समजतो. पण बारचं काउंटर, बारचे ग्लास आणि ग्लासात आल्याचं पाणी, हे काही त्यांच्या डोक्यात शिरत नाही. माझ्या सासऱ्यांच्या डोक्यात ते शेवटपर्यंत शिरलं नाही. लग्नात ते पाहुण्यांना ‘जावई किराणा दुकानात आहेत’ असं बेधडक सांगत होते, आणि मी शेजारी मुंडावळ्या बांधून दातओठ खात बसलो होतो.

तर आधी हे बिगर दारूचं प्रकरण काय होतं ते सांगतो. खामगावात बाजाराच्या रस्त्यावर लालाजींचं परवान्याचं जुनं दारू दुकान होतं. नवं महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास आमच्याकडे दारूबंदी लागू झाली आणि परवाने गेले. बाकीच्या दुकानदारांनी कुणी किराणा मांडला, कुणी भाड्यानं सायकली द्यायला सुरुवात केली. आमचे लालाजी एक नंबरचे हट्टी. ते म्हणाले, “दारू बंद झाली बे मधुकर, बसनं थोडीच बंद झालं! मानसाले सांजच्याले बसाले जागा पाह्यजे.” त्यांनी ना सागवानी काउंटर हलवलं, ना पितळी कठडा. नुसत्या बाटल्या गेल्या आणि त्यांच्या जागी सोड्याचं मशीन आलं. पेंटरला बोलावून पाटीवर लिहून घेतलं, ‘बिगर दारूचा बार’. मी तिथं पहिल्या दिवसापासून होतो.

लोकांना वाटतं सोडा म्हणजे काय, पाण्यात गॅस. अरे, एकदा भरून बघा म्हणावं! त्या वेळच्या बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी असायची. बाटलीत पाणी आणि रस घालायचा, ती मशीनला लावायची, हँडल फिरवायचं आणि गॅस भरला की बाटली उलटी करायची. गोटी गळ्याशी येऊन बसते आणि आतला गॅसच तिला दाबून धरतो. उन्हाळ्यात बाटली हातात फुटायची. म्हणून तोंडाला जाळीचा मुखवटा बांधायचा आणि भरलेल्या बाटल्या ओल्या पोत्याखाली ठेवायच्या. माझ्या डाव्या तळहातावर अजून तीन व्रण आहेत. ज्योतिषी त्यांना विद्यारेषा म्हणतो, मी त्याला काही सांगत नाही.

पण आमचं खरं नाव होतं ते जिंजरसाठी. आल्याला आम्ही वऱ्हाडात अद्रक म्हणतो. ती पहाटे वाटायची, गाळायची, त्यात लिंबू आणि साखर घालायची. या कामातली भीती वेगळीच. साखर घातलेला आल्याचा रस उन्हाळ्यात तसाच ठेवला, तर तो आपला आपण फसफसायला लागतो. म्हणजे दारूबंदी खात्याच्या माणसानं यावं आणि मला उचलून न्यावं! म्हणून माझा नियम होता, सकाळचा रस संध्याकाळी नालीत. लालाजींचा जीव तुटायचा, पण मी कधी ऐकलं नाही.

गिऱ्हाईक म्हणाल तर तेच जुने. तेच लोक, त्याच जागा. “एक क्वार्टर जिंजर मार” अशी ऑर्डर द्यायचे आणि ग्लासाला ग्लास लावायचे. त्यांच्यात काशीराव नावाचे एक होते, सरकी-ढेपेचे दलाल. या माणसाला जिंजर चढायची. खोटं नाही सांगत. दुसऱ्या ग्लासानंतर त्यांची जीभ जड व्हायची, तिसऱ्यानंतर ते गायला लागायचे आणि जाताना भिंतीला धरून जायचे. मी एकदा चिडून विचारलं, “काशीराव, अद्रकीच्या पान्यानं कोनी झुलते काय?” तर म्हणाले, “मधुकरा, तू तुह्यं काम कर, मले माह्यं करू दे. बायको वाट पाहून राह्यली. शुद्धीत गेलो त भांडाले तिले काय उरीन?” आम्ही सगळे हसायचो. त्या हसण्याची किंमत पुढे मोजावी लागणार आहे हे तेव्हा कोणाला माहीत होतं!

ही अद्रक यायची जवळच्या खेड्यातल्या पांडूबुवांच्या मळ्यातून. बुवा म्हणजे गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर बुक्का, आणि शब्द एकदा दिला की दिला. दर बाजारच्या दिवशी सकाळी ते अद्रक-लिंबांची टोपली आमच्या दुकानाच्या ओट्यावर ठेवायचे आणि बाहेरूनच हाक मारायचे, “मधुकरा, माल आला.” दुपारी बाजार आटोपला की रिकामी टोपली घेऊन जायचे. उंबरा मात्र त्यांनी कधी ओलांडला नाही. त्याचं कारण गावातल्या जुन्या माणसांना ठाऊक होतं. माळ घालायच्या आधी हेच पांडूबुवा याच काउंटरला रोज संध्याकाळी टेकलेले असायचे. अर्धा मळा त्यांनी इथं पिऊन टाकला होता. मग बायको अंथरुणाला खिळली, तेव्हा त्यांनी माळ घातली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की त्या उंबऱ्याच्या आत पुन्हा पाऊल टाकणार नाही. बायको वाचली. दारू गेली, दुकानात सरबत आलं, तरी बुवांची शपथ उंबऱ्याची होती. मी पुष्कळदा म्हणालो, “बुवा, आता येथी काई नाई, आत या, बसा.” ते नुसते हसायचे.

या बुवांची मुलगी वच्छी. आईच्या आजारपणात तिला नागपूरला मावशीकडे ठेवलं होतं, तिथल्या गिरणीच्या चाळीत पोरांबरोबर फुटबॉल खेळायला शिकली आणि मोठी होऊन एका कंपनीत दाखल झाली. सर्कस कंपनी असते तशी ही पोरींची फुटबॉल कंपनी. लाल आणि पिवळी अशा दोन टीम, महिन्याच्या पगारावर ठेवलेल्या पोरी, आणि गावोगाव तिकीट लावून खेळ. बुवांना कळलं त्या दिवशी टोपली ठेवताना ते मला म्हणाले, “मधुकरा, आजपासून तिचं नाव माह्यासमोर काढाचं नाई.” मी मान डोलावली. दोन वर्षं आम्ही अद्रकीबद्दलच बोललो.

आणि मग एका बाजारच्या दिवशी ती कंपनी खामगावला आली.

कापसाच्या जिनिंग फॅक्टरीच्या मोकळ्या मैदानात उन्हं कलल्यावर खेळ होता. गावभर कागद चिकटवलेले, त्यावर अर्ध्या चड्डीतल्या पोरीचं चित्र. निम्मं गाव तिकीट काढून बसलं होतं आणि तेच निम्मं गाव त्यांना नावं ठेवत होतं. दुपारच्या रणरणत्या उन्हात लाल टीमच्या पोरी धर्मशाळेतून निघाल्या, तर हॉटेलवाले बसू देईनात. एकानं तर पाणीसुद्धा दिलं नाही. शेवटी त्या आमच्या दारात आल्या. पुढे त्यांची कॅप्टन मार्था, नागपूरच्या रेल्वे क्वार्टरमधली, उंच, गोलकीपर. म्हणाली, “भाऊ, बैठने देते का? पैसे देऊन बसतो.”

मी लालाजींकडे बघितलं. लालाजी म्हणाले, “गिऱ्हाईक हाये. बसव.”

सगळ्यांत शेवटी वच्छी आत आली. मी तिला फ्रॉकमध्ये पाहिलेली, आता सलवार-कमीज आणि पायात ते मोठाले बूट. ओट्यावर बुवांची रिकामी टोपली पालथी ठेवलेली होती. ती वाकली, टोपलीच्या काठावरून हात फिरवला आणि आत येऊन बरोब्बर दाराकडे तोंड करून बसली.

“मधुकरभाऊ, आबा टोपली न्याले येतीन नं?”

“येतीन. तू जराशी मांगं बस की.”

“नाई. येथीच बसतो.”

मी जिंजर भरली. त्या दिवशी खेळ म्हणून रस दुप्पट केला होता. मार्थानं अर्धा ग्लास एका दमात संपवला आणि सांगायला लागली. मागच्या गावात परवानगी नाकारली, त्याच्या मागच्या गावात लोकांनी दगड मारले. मॅनेजर म्हणत होता, खामगावचा खेळ पडला तर कंपनी मोडतो आणि सगळ्यांना घरी पाठवतो.

“मंग जाचं घरी,” मी आपलं बोलून गेलो.

वच्छी ग्लासाकडे बघत म्हणाली, “बाकीच्याईले घर हाये, भाऊ.”

मी उगाच काउंटर पुसायला लागलो.

तेवढ्यात काशीराव उठले. आज पोरीबाळी बसल्यात म्हणून ते जरा जास्तच रंगात आले होते, चौथा ग्लास झाला होता. गाणं म्हणत, डुलत डुलत ते दारात गेले, चौकट धरली, ती सुटली आणि भर बाजारच्या रस्त्यावर एका कांद्यावाल्याच्या ढिगाऱ्यात जाऊन बसले. गावातला माणूस हसून पुढे गेला असता. पण बाजाराला खेड्यापाड्यांतली माणसं आलेली. त्यांनी काय पाहिलं? वर पाटी, त्यात लांबूनही वाचता येईल असा ‘बार’. दारातून झुलत बाहेर पडलेला माणूस. आणि आत पोरी, हातात फेसाळलेले पिवळे ग्लास.

“अबे, बाया दारू पिऊन राह्यल्या आतमंदी!”

बस्स. बघता बघता दारासमोर माणसांची भिंत उभी राहिली. मी धावत काशीरावांना उठवायला गेलो. म्हटलं, “काशीराव, सांगा यायले, जिंजर पेले म्हनून.”

काशीराव माझ्या खांद्याला लोंबकळत ओरडले, “हाव, पेलो! कोनाच्या बापाचं भेव हाये काय? फुल जिंजर पेलो!”

“पाहा, हाच म्हंते पेलो म्हनून!”

आता याला काय म्हणावं? मला त्या माणसाला तिथंच कांद्यांबरोबर विकून टाकावंसं वाटलं. इतकी वर्षं ज्या नाटकाला आम्ही हसलो, ते नाटक आज आमच्या गळ्याशी आलं होतं. मी आत आलो, तर मार्था दारापाशी उभी. हळू आवाजात म्हणाली, “भाऊ, दरवाजा लावू का?”

“लावला की संपलं. सताड खुला ठेवा. अनं ग्लास कोनी लपवू नका, हातातच असू द्या.”

पहिला दगड पाटीला लागला. दुसरा आत आला आणि ओल्या पोत्याखालची एक बाटली फुटली. गोटी सोड्याची बाटली फुटते तेव्हा आवाज बंदुकीसारखा होतो. बाहेर लोक मागे सरले आणि मग दुप्पट जोरानं पुढे आले. एका पोरीला रडू फुटलं. वच्छी जागची हलली नाही. ग्लास तिच्या दोन्ही हातांत होता आणि त्यातलं पाणी हलत होतं, एवढंच मला दिसलं.

कोणीतरी दारूबंदी खात्याच्या साहेबांना घेऊन आलं. साहेब शांत डोक्याचा माणूस. त्यांनी आधी गर्दी चार पावलं मागे हटवली, मग आत येऊन प्रत्येक ग्लासाचा वास घेतला. मशीन बघितलं, रसाची बरणी बघितली. पहाटेचा रस दुपारपर्यंत काही आंबत नाही हे मला पुरतं ठाऊक होतं. पण त्या दिवशीचं ऊन, दुप्पट बरणी, आणि सकाळपासून चाखून चाखून माझी जीभ अशी बधिर झालेली की मला कडू-गोड कळत नव्हतं. मनात येत होतं, चुकून जरी तो फसफसला असला तर? मी जाईन आत, ठीक आहे. पण या पोरींचं काय?

साहेब म्हणाले, “हे बघा, आल्याचा वास एवढा उग्र आहे, की त्याच्याखाली काही असलं तरी नाकाला कळायचं नाही. मला नमुना तपासायला पाठवावा लागेल. उत्तर येईपर्यंत दुकानाला सील. आणि या बायकांनाही जबाबासाठी थांबावं लागेल.”

“साहेब, खेळ आहे आमचा!” मॅनेजर कुठूनसा घामाघूम होऊन आला होता.

“बाहेर बघितलंत का? या लोकांनी तुम्हाला मैदानापर्यंत जाऊ दिलं तर खेळ ना?”

बाहेर घोषणा चालू होत्या. साहेब दारात जाऊन मोठ्यानं म्हणाले, “तुमच्यातला एखादा माणूस पंच म्हणून पुढे या. सगळ्यांसमोर चाखा आणि सांगा. तो सांगेल ते मी लिहून घेतो.”

मग एक जण पुढे झाला, तर मागून आवाज आला, “हा? हा त स्वतःच हातभट्टीचा जावई हाये! हा म्हनीन, पानी हाये!” दुसऱ्याला पुढे ढकललं, तो म्हणाला, “म्या जल्मात दारू पेली नाई, मले काय चव समजते?” झालं असं, की ज्यांना चव माहीत त्यांच्यावर लोकांचा भरवसा नाही, आणि ज्यांच्यावर भरवसा त्यांना चव माहीत नाही. साहेबांनी कपाळाला हात लावला.

आणि तेव्हा गर्दीच्या मागून आवाज आला. “सरका थोडे. माही टोपली हाये तेथी.”

लोकांनी वळून पाहिलं. कोणीतरी म्हातारं माणूस ओरडलं, “अरे, पांडूबुवा हायेत नं! बुवाले विचारा! बुवा खोटं बोलनार नाईत, अनं चव बी त्यायले माहीत हाये!” हसू कोणाला आलं नाही. गर्दीनं आपोआप वाट करून दिली आणि बुवा ओट्यापाशी आले. टोपली उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले, कारण समोर दारातून वच्छी दिसली.

साहेबांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. बुवांनी ऐकलं. चेहऱ्यावर काही नाही. मला त्यांची शपथ माहीत होती. नुसती उंबऱ्याची गोष्ट नव्हती. ग्लासात खरंच दारू निघाली असती, तर माळ गेली असती. बायकोच्या डोक्यावर ठेवलेला हात खोटा झाला असता. आणि तो ग्लास कोणावर भरवसा ठेवून तोंडाला लावायचा? माझ्यावर? बारमधल्या नोकरावर? का त्या पोरीवर, जिचं नाव काढायला त्यांनी बंदी केली होती?

मी म्हणालो, “साहेब, ग्लास बाहेर आणून देतो. बुवा आत येत नाईत.”

“चालेल,” साहेब म्हणाले.

मी ग्लास भरायला वळलो, तोच वच्छी उठली. स्वतःचा अर्धा प्यालेला ग्लास घेऊन उंबऱ्याच्या अलीकडे येऊन उभी राहिली. पलीकडे बुवा. दोघांच्या मध्ये तो एक उंबरा.

“आबा,” ती म्हणाली. “म्या दारू पेली म्हंतेत हे लोक. तुमी सांगा.”

आणि तिनं ग्लास उंबऱ्यावरून पुढे धरला.

बुवांनी हात पुढे केला नाही. ते तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता हे वळतील, टोपली उचलतील आणि चालते होतील, आणि मग आम्हाला ब्रह्मदेवही वाचवणार नाही.

बुवांनी टोपली खाली ठेवली. पायातल्या वहाणा काढल्या. म्हणाले, “उंबऱ्यावरून कायले देते? चोरी हाये काय?”

आणि ते आत आले.

उजवा पाय आधी टाकला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. लालाजी खुर्चीवरून उठून उभे राहिले. बुवांनी वच्छीच्या हातातला ग्लास घेतला, माळ एका हातानं मुठीत धरली आणि ग्लास तोंडाला लावला. एक घोट नाही, सगळा. तिचा उष्टा. रिकामा ग्लास काउंटरवर ठेवला आणि मनगटानं मिशा पुसल्या. नेमक्या त्याच जागी उभे राहून, जिथं जुन्या काळी उभे राहायचे. हे लालाजींनी मला मागाहून सांगितलं.

साहेबांनी लिहायला कागद काढला.

“बुवा?” साहेब म्हणाले.

“अद्रक माह्या मळ्यातली हाये,” बुवा म्हणाले, आणि मग माझ्याकडे बघून, “साखर जास्त टाकते रे तू. दारू-फारू काई नाई.”

बाहेर कोणीतरी फस्सकन हसलं आणि ती गाठ सुटली. मी स्टुलावर बसलो. साहेबांनी बुवांचा अंगठा घेतला. गर्दी पांगली, मघाशी दगड मारणाऱ्यांतले दोघे तर “आता आमाले बी एक जिंजर दे” म्हणून आत आले. त्यांना मी दुप्पट वेळ ताटकळत ठेवलं. बुवा वच्छीशी एक शब्द बोलले नाहीत. वहाणा घातल्या, टोपली उचलली आणि गेले. ती तशीच उभी राहिली, मग मार्थानं तिला खांद्याला धरून मैदानाकडे नेलं.

दुकान लालाजींवर सोपवून मी सोड्याचा क्रेट घेऊन मैदानावर गेलो. खेळ सुरू झाला होता. दोराच्या बाहेर, सरकीच्या गाड्यांपाशी बघतो तर बुवा बसलेले. मैदानाकडे पाठ करून!

“बुवा, इकडं तोंड करून बसा की.”

“नाई. पोरीबाळीच्या उघड्या पायाकडं पाहाचं काय?”

“मंग आले कायले?”

“सावली हाये येथी.”

सावली गाडीच्या पलीकडे होती, पण मी वाद घातला नाही. क्रेट खाली ठेवून तिथंच उभा राहिलो. लोक ओरडले की बुवा न वळता विचारायचे, “काय झालं?” मी सांगायचो. फुटबॉलमधलं मला कितीसं कळत होतं? जे दिसेल ते सांगत गेलो. एकदा मोठा गलका झाला.

“काय झालं?”

“गोल झाला, बुवा. पिवळ्याईनं केला.”

“आपली कोनती?”

“आपली लाल.”

बुवांनी जिभेनं च्यक केलं. ‘आपली’ म्हणाले हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

पुढे वच्छीला बॉल मिळाला. काय पळाली पोरगी! दोघींना चुकवलं, तिसरीला चुकवलं, मी ओरडून ओरडून सांगतोय, “बुवा, वच्छी निंगाली, बुवा, पुढं कोनी नाई,” आणि तेवढ्यात एका पिवळीचा पाय मध्ये आला. वच्छी तोंडावर आपटली आणि उठली नाही. सगळं मैदान चिडीचूप.

मीही गप्प झालो. आवाज असेपर्यंत बुवांनी पाठ धरून ठेवली होती. आवाज थांबला आणि ते वळले.

वच्छी हळूहळू उठून बसली. गुडघा फुटला होता. तिनं एक बूट काढला, तो झटकला, आतून चिंध्यांचा बोळा बाहेर काढला, नीट गुंडाळून पुन्हा आत कोंबला. कंपनीनं सगळ्यांना एकाच मापाचे बूट दिले होते. बूट घालून ती उभी राहिली आणि तेव्हा तिला गाडीजवळचा माणूस दिसला. तिनं हात वगैरे काही केला नाही. नाक पुसलं आणि बॉलकडे गेली. बुवांनी पुन्हा पाठ फिरवली नाही. लाल हरली ती हरलीच, वच्छीनं गोल काही केला नाही. पण खेळ पूर्ण झाला. जाताना बुवा एवढंच म्हणाले, “जोडे ढिले हायेत तिचे.”

कंपनी आणखी काही मोसम चालली, मग मोडली. मार्था पुढे कुठे गेली मला ठाऊक नाही. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. आमचा बारही गेला. सरकारनं दारूचे परवाने परत सुरू केले, लालाजी वारले होते, त्यांच्या मुलानं परवाना काढला आणि त्या काउंटरवर पुन्हा बाटल्या आल्या. मी सोडलं. काशीराव मात्र जात राहिले. असं ऐकलं की खरी दारू प्यायल्यावर ते अगदी मुकाट बसायचे, एक ओळ गात नसत. मला त्याचं फार वाईट वाटलं.

पण त्या खेळानंतरच्या पुढच्या बाजाराचं सांगायचं राहिलं. सकाळी मी बाटल्या धूत होतो. ओट्यावरून हाक येईल म्हणून कान तिकडे होता, ती आलीच नाही. वर बघितलं तर बुवा काउंटरपाशी उभे. टोपली काउंटरवर. त्यांनी लिंबं बाजूला केली आणि खालून फडक्यात बांधलेलं एक गाठोडं काढलं. आत सरकी काढून पिंजलेला पांढराशुभ्र कापूस.

“कंपनी जळगाव जामोदले हाये म्हंतेत. येष्टीच्या कंडक्टरजवळ देशीन काय? जोड्यात कोंबाले बरा हाये. चिंध्या टोचतेत पायाले.”

मी गाठोडं घेतलं. “निरोप काय सांगू?”

“निरोप कायले? पाह्यला की समजते तिले, कोनाच्या वावरातला हाये त.”

मग ते काउंटरला टेकले, वर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “एक जिंजर दे. साखर कमी टाक.”